श्रावणात सुरुवात, डिसेंबरात हाफ मॅरेथॉन

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. आज ज्याला न थांबता पाच किलोमीटर पळता येतं, अशा धडधाकट माणसाला सोळा आठवड्यांत तिथवर पोहोचता येतं, तेही नोकरी, घर आणि सणवार सांभाळून. मी कर्वेनगरला राहते, सहकारी बँकेत नोकरी करते आणि चाळिशी उलटल्यावर पळायला लागले. कॉलनीतल्या आणि बँकेतल्या बऱ्याच जणींना पहिल्या हाफपर्यंत सोबत केली आहे. त्यामुळे इथे लिहिते आहे ते पहिल्यांदाच हे अंतर पळणाऱ्यांसाठी, आणि त्यातही ज्यांचा दिवस पहाटे कुकर लावून सुरू होतो त्यांच्यासाठी.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. हळू पळा. पुढे मी अंतर, खाणं, बूट यांबद्दल बरंच सांगणार आहे, पण त्यातलं निम्मं विसरलात आणि एवढं एकच पाळलंत तरी तुम्ही शेवटची रेषा ओलांडाल.

हळू म्हणजे किती? पळता पळता एकोणीसचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. मध्ये धाप लागून थांबावं लागलं तर वेग जास्त आहे. घड्याळ, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, मोबाइलमधलं ॲप, काहीही नसलं तरी हे माप चुकत नाही. मैत्रीण सोबत असेल तर पाढ्याचीही गरज नाही, गप्पा पूर्ण वाक्यांत चालल्या पाहिजेत. एकेका शब्दावर आलात की वेग कमी करा, चढ असेल तर सरळ चाला. चालण्यात कमीपणा काहीच नाही.

यामागचं कारण समजून घेतलं तर हळू पळणं सोपं जातं. दम वाढायला वेळ लागत नाही, चार-सहा आठवड्यांत फरक कळतो. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि हाडं मात्र सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. म्हणजे सहाव्या-सातव्या आठवड्यात मन म्हणतं ‘आता जोरात’, आणि नडगी, टाच, गुडघा अजून तयार नसतात. पहिल्यांदा पळणाऱ्यांची बरीचशी दुखणी नेमकी याच काळात सुरू होतात. शिवाय हळू पळताना शरीर चरबीचं इंधन वापरायला शिकतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्या वाढतात, आणि तीच शिदोरी सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला उपयोगी पडते. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे दर किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५२ सेकंद. त्या दर्जाचे धावपटूसुद्धा आठवड्यातलं बहुतेक अंतर स्पर्धेच्या वेगापेक्षा बऱ्याच कमी वेगाने पळतात. मग आपण रोज घड्याळाशी शर्यत का लावायची?

कालनिर्णय समोर ठेवून आखणी

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली आणि परंपरेने ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. त्या वर्षीची तारीख आणि मार्ग नोंदणीच्या वेळी नीट बघून घ्या. तिथून सोळा आठवडे मागे मोजले की ऑगस्टचा मध्य येतो, साधारण श्रावण. म्हणजे तुमच्या तयारीत गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न हे सगळं येणार. परदेशी तक्ते उतरवून घेणाऱ्यांची आखणी इथेच कोलमडते. गौरी-गणपतीत घरात पंधरा माणसं जेवायला असताना ‘मंगळवार, आठ किलोमीटर’ होत नाही. म्हणून आखणी करतानाच कालनिर्णय उघडून बसा.

आठवड्यात चार दिवस पळायचं. मंगळवारी आणि शनिवारी हळू, गुरुवारी चढ किंवा थोडा वेग, रविवारी लांब पल्ला. सोमवारी पूर्ण विश्रांती. बुधवारी आणि शुक्रवारी घरातल्या घरात वीस मिनिटं व्यायाम. सुरुवातीला आठवड्याचं एकूण अंतर अठरा किलोमीटरच्या आसपास असू द्या, शेवटी ते अडतीस-चाळीसपर्यंत जाईल.

रविवारचा पल्ला असा वाढवा. पहिले चार रविवार ६, ७, ८ आणि मग परत ६ किलोमीटर. पुढचे चार ९, १०, ११, ८. त्यानंतरचे १२, १३, १४, १०. शेवटी १६, १८, १२ आणि सोळाव्या रविवारी स्पर्धा. दर चौथा आठवडा हलका आहे हे लक्षात आलं असेल. शरीर विश्रांतीत बळकट होतं, म्हणून हा हलका आठवडा सोडून द्यायचा नाही. सरावात २१ किलोमीटर पळायची गरज नाही. १८ जमले की उरलेले तीन स्पर्धेच्या दिवशीची गर्दी आणि उत्साह पळवून घेतात.

आता युक्ती अशी की हलका आठवडा गणपतीत बसवा. गणपती दुसऱ्या आठवड्यात आले तर दुसरा हलका, पाचव्यात आले तर पाचवा, बाकीचे आठवडे त्याप्रमाणे पुढे-मागे सरकवा. अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यवस्तीच्या वाटेला जाऊ नका. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, रस्ते बंद असतात, गुलाल आणि चपलांचा खच पडलेला असतो. त्यानंतरचा पितृपक्ष मात्र पळणाऱ्यांसाठी फार चांगला. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, कुणाकडे वास्तुशांत नाही. रविवार मोकळे मिळतात, ते लांब पल्ल्यासाठी राखून ठेवा.

नवरात्राचे उपास करत असाल तर पळणं बंद करायचं कारण नाही, पण उपासाचं ताट बदला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं त्यात नावालाच. दही, दूध, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, वरीचे तांदूळ हे वाढवा. त्या नऊ दिवसांत वेगाचा सराव टाळा आणि रविवारचं अंतर आदल्या आठवड्याएवढंच ठेवा. निर्जळी उपासाच्या दिवशी अजिबात पळू नका. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या आधी चार-पाच किलोमीटर होऊन जातात, पण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत फटाक्यांचा धूर साचलेला असतो. त्या दिवशी घरीच थांबा. फराळाची भीती बाळगू नका, या काळात तुमची भूक खरी असते. चकली-चिवडा जेवणाच्या जागी येऊ नये एवढंच बघा.

कुठे पळायचं

या बाबतीत पुण्याने आपल्याला भरभरून दिलं आहे. टेकड्या शहराच्या मधोमध आहेत आणि सकाळी साडेपाचपासून तिथे माणसांची वर्दळ असते.

तळजाई माझी लाडकी. पाचगाव-पर्वतीच्या जंगलातल्या मातीच्या वाटा पायांना मऊ लागतात, चढ-उतार सौम्य आहेत, मोरांचे आवाज येतात, आणि एकट्या बाईलाही उजाडल्यावर तिथे निर्धास्त वाटतं कारण ओळखीचे चेहरे दिसत राहतात. मंगळवारचं हळू पळणं तिथे करा. वेताळ टेकडी जरा चढाची. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने वर जायचं, माथ्यावर खाणीच्या बाजूने हळू पळायचं आणि उतरताना चालायचं. पावसाळ्यात तिथली तांबडी माती साबणासारखी निसरडी होते, म्हणून सप्टेंबर संपेपर्यंत माथ्यावरच्या अरुंद पायवाटा टाळा आणि रुंद वाटेनेच जा. हनुमान टेकडी, चतुःशृंगीची बाजू, पाषाणचा तलाव, विद्यापीठाचं आवार, ज्याला जे जवळ पडेल ते.

पण सगळा सराव मातीवर करू नका. स्पर्धा डांबरावर असते आणि डांबर, त्यातही सिमेंटचा रस्ता, पायाला वेगळाच हादरा देतो. सहाव्या आठवड्यापासून रविवारचा पल्ला डांबरी रस्त्यावर घ्या. पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळेत लॉ कॉलेज रस्ता, कर्वे रस्ता, सिंहगड रस्त्यावरून खडकवासल्याच्या दिशेने जाणारा पट्टा बऱ्यापैकी मोकळे असतात. धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात त्या वाटेवर भिस्त ठेवू नका. उड्डाणपूल मार्गात असतील हे धरून चाला आणि सरावात एखादा पूल मुद्दाम घ्या. कॅम्पातल्या, औंधातल्या माणसांना वेगळ्या वाटा सुचतील. कुठेही पळा, पण परतीची वाट घरापासून जवळून जाईल अशी आखा. दहाव्या किलोमीटरला पोटात कळ आली तर घर जवळ असलेलं बरं.

रस्त्यावर उजव्या कडेने पळा, म्हणजे गाडी समोरून येताना दिसते. कानात काहीच घालू नका. फारच हवं असेल तर एका कानात, आणि आवाज कमी. अंधारात निघणार असाल तर फिकट किंवा चमकणारा कपडा घाला. बायकांनी पहिल्या अंधारात दोघी-तिघी मिळून निघावं, घरात वाट सांगून ठेवावी, मोबाइलवरून ठिकाण कळेल अशी सोय करावी. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण पळणं सुटण्यापेक्षा हे बरं. कुत्री भुंकत अंगावर आली तर पळणं लगेच थांबवा, त्यांच्या डोळ्यांत न बघता शांतपणे चालत पुढे जा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या, उद्यावर टाकू नका.

गुरुवारचा दिवस

पहिले सहा आठवडे गुरुवारी फक्त चढ. सत्तर-ऐंशी पावलांचा मध्यम चढ शोधा, सहा वेळा जरा जोर लावून चढा, चालत उतरा. आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं हळू पळणं. पर्वतीच्या १०३ पायऱ्याही चालतील, रुंद आणि बुटक्या आहेत, मांड्या आणि नितंबांना छान काम मिळतं. फक्त उतरताना पळू नका, गुडघ्यांवर सगळा भार येतो, आणि पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

सातव्या आठवड्यापासून चढाऐवजी टेंपो, म्हणजे थोड्या वाढीव वेगाने सलग पळणं. दहा मिनिटं हळू, मग वीस मिनिटं अशा वेगाने की तीन-चार शब्दच बोलता यावेत, मग पुन्हा दहा मिनिटं हळू. सणसचं मैदान किंवा बालेवाडीचा ट्रॅक जवळ असेल आणि प्रवेश मिळत असेल तर एखाद्या गुरुवारी तिथे जा. एक फेरी ४०० मीटरची, त्यामुळे अंतराचा हिशोब सोपा होतो. दोन फेऱ्या जोरात, एक फेरी चालत, असं चार वेळा. पहिल्या हाफसाठी एवढा वेग पुरे. यापेक्षा जास्त वेगाच्या सरावाचा मोह नवशिक्यांनी टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

घरातल्या वीस मिनिटांकडे मात्र दुर्लक्ष नको. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली करणं, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. उठाबशा. पाठीवर झोपून कंबर उचलून धरणं. कोपरांवर आणि चवड्यांवर भार देऊन अंग सरळ धरणं, म्हणजे प्लँक. एका पायावर उभं राहून दात घासणंसुद्धा घोट्याला बळ देतं. पोटऱ्या आणि नितंब बळकट असलेल्यांना नडगी आणि गुडघ्याची दुखणी कमी होतात, हे मी आमच्या गटात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बूट आणि कपडे

बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. जागा कमी पडली की लांब पल्ल्यात नखं काळी पडतात. सर्वांत महाग जोड घेण्याची गरज नाही, दुकानात चार पावलं पळून बघा, जो पायाला जाणवतच नाही तो घ्या. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळव्याचा मऊपणा जातो. श्रावणात घेतलेला नवा जोड स्पर्धेलाही चालेल. स्पर्धेच्या आठवड्यात नवीन बूट अजिबात नकोत.

भिजलेले बूट उन्हात किंवा हिटरपाशी ठेवू नका, चिकटवलेला भाग सुटतो. आतला सुकतळा काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. दुसऱ्या सकाळपर्यंत कोरडे होतात. सुती मोजे ओले झाले की फोड आणतात, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे घ्या. बायकांनी चांगली स्पोर्ट्स ब्रा ही बुटाइतकीच गरजेची समजावी आणि ती घालून एखादा लांब पल्ला झालेला असावा. काखेत, मांड्यांच्या आत, ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन लावायला विसरू नका. घामाचं मीठ आणि घासणारा कपडा मिळून कातडी सोलवटतात आणि ते आंघोळीच्या वेळी कळतं.

खाणं-पिणं

सुरुवातीलाच एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं आणि पाळी सुरू असलेल्या बायकांत लोह कमी असणं फार आढळतं. आमच्यातली एक जण ‘मला पळणं झेपत नाही’ म्हणून सोडून देणार होती. लोहाचं प्रमाण तळाला होतं, डॉक्टरांच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत ती तीच टेकडी गप्पा मारत चढू लागली. चाळिशी उलटली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल तर पळायला लागण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा, ते सांगतील त्या तपासण्या करा.

रोजच्या जेवणात फार उलथापालथ नको. भाकरी, उसळ, वरण-भात, कोशिंबीर, दही हे उत्तम खाणं आहे. प्रथिनं मात्र वाढवा. मुगाचं धिरडं, मोड आलेली मटकी, पनीर, सोयाबीन, खात असाल तर अंडी आणि मासे. प्रत्येक जेवणात यातलं काहीतरी हवंच. बायका सगळ्यांना वाढून उरलेल्या भाजीवर भागवतात, ती सवय या चार महिन्यांत तरी मोडा.

रविवारी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर, हवी तर कपभर कॉफी. सव्वा तासापेक्षा जास्त पळणार असाल तर वाटेतही खावं लागतं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, त्यावरून हिशोब करा. बाजारात जेलच्या, म्हणजे दाट गोड पाकाच्या, पुड्या मिळतात, त्या चालतात, पण बिया काढलेला खजूर आणि गूळ-लिंबू-मिठाचं पाणी यांवरही काम होतं. चिक्की पळताना दातांत अडकते आणि राजगिऱ्याचा लाडू कोरड्या तोंडात फिरत राहतो, म्हणून ते पळून झाल्यावर. पोटालाही सराव लागतो, त्यामुळे जे स्पर्धेत खाणार तेच दहाव्या आठवड्यापासून दर रविवारी खा.

तहान लागेल तसं पाणी प्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम जास्त जातो, तेव्हा एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असं घरचं मिश्रण सोबत ठेवा. पळण्याआधी आणि नंतर वजन केलंत तर घामाचा अंदाज येतो, एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. भीतीपोटी साध्या पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या मात्र रिचवू नका. रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते जिवावर बेतू शकतं.

परत आल्यावर तासाभरात नीट खा. भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे आणि वाटीभर दही, किंवा मुगाच्या डाळीची खिचडी, किंवा अंड्याची भुर्जी आणि पोळी. पळून झाल्यावर मिसळीला जाण्याची पुण्यात रीतच आहे आणि मटकीची उसळ वाईट नाही, पण लांब पल्ल्यानंतर तिखट तर्री रिकाम्या पोटाला सोसत नाही. आधी केळं आणि ताक, मिसळ तासाभराने.

दुखलं तर

दोन्ही पाय सारखेच दुखताहेत, चालताना सैल होताहेत, दोन दिवसांत बरं वाटतंय, तर तो सरावाचा थकवा. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतंय, पळताना वाढतंय, लंगडावं लागतंय, तर पळणं बंद. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो, डॉक्टरांकडे जा. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते, त्यासाठी पोटरी ताणणं आणि तळव्याखाली बाटली फिरवणं उपयोगी पडतं. वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. दुखणं झाकलं जातं आणि घाम गेलेल्या शरीरात काही गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो. छातीत दुखणं, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर जागच्या जागी थांबा आणि मदत मागा. इथे ‘बघू जरा पुढे जाऊन’ करायचं नाही.

एखादा आठवडा तापात गेला तर बुडालेलं अंतर भरून काढू नका. ते गेलं असं समजा आणि आधीच्या आठवड्यापासून पुढे चला. तापात आणि डेंग्यू-चिकुनगुनियानंतर घाई नको. सांधे महिनाभर दुखत असतील तर यंदाची स्पर्धा सोडून पुढची धरा.

शेवटचे पंधरा दिवस आणि तो रविवार

साधारण दहाव्या आठवड्यात एकदा दहा किलोमीटर जोर लावून पळा आणि वेळ टिपा. पहिल्या हाफसाठी त्या वेळेला २.३ ने गुणा. दहाला ६५ मिनिटं लागली तर हाफला अडीच तास धरा, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ५ सेकंद. अनुभवी माणसं २.२ ने गुणतात, तुम्ही तो आकडा पुढच्या वर्षासाठी ठेवा.

अठरा किलोमीटरचा रविवार झाला की अंतर उतरवा. पंधराव्या आठवड्यात नेहमीच्या दोन-तृतीयांश, शेवटच्या आठवड्यात तीन-चार किलोमीटरचे दोनच छोटे फेरफटके. पाय शिवशिवतील, आपण विसरलो तर नाही ना अशी धास्ती वाटेल. ते सगळ्यांनाच होतं. याच सुमारास तुळशीचं लग्न होऊन माणसांची लग्नंही सुरू झालेली असतात. शुक्रवारपासून पंगतीतलं श्रीखंड, तळलेलं आणि बाहेरचं पाणी टाळा. शनिवारी दुपारचं जेवण पोटभर, रात्री लवकर आणि साधं, वरण-भात-तूप, बटाट्याची भाजी. भरपूर भाजी-कोशिंबीर, उसळी त्या दिवशी नकोत.

बिब, म्हणजे तुमचा स्पर्धा क्रमांक छापलेला कागद, आदल्या दिवसांत जाऊन घेऊन या, चार पिनांनी टी-शर्टला लावून ठेवा. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात पारा बऱ्याचदा पंधरा अंशांखाली असतो आणि पावणेसातपर्यंत उजाडत नाही. जुना स्वेटर अंगावर घालून जा, सुरुवातीआधी घरच्या माणसाकडे द्या. निदान तासभर आधी पोहोचा, स्वच्छतागृहापाशी रांग लांबच असते.

पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंदांनी हळू. गर्दी पुढे सुसाट जाईल, ढोल-ताशे वाजत असतील, पाय हलके वाटतील. जाऊ द्या त्यांना. चौथ्यापासून बाराव्यापर्यंत ठरलेला वेग, एकोणीसच्या पाढ्याची परीक्षा अधूनमधून घेत. पाण्याच्या टेबलापाशी पेला घेऊन दहा पावलं चालत प्या, पळता पळता प्यायल्याने ठसका लागतो. पाचव्या-सहाव्या किलोमीटरला खजूर, मग दर पाच किलोमीटरला. पंधराव्यानंतर पाय जड होतात, पुढचं एकच टेबल, पुढचा एकच चौक असं मोजत जा. अंगात जोर शिल्लक असेल तर अठराव्यानंतर वेग वाढवा. आधी हळू गेलेल्यांना तेव्हा पुढचे एकेक जण मागे टाकता येतात, आणि तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. स्वेटर घाला, केळं खा, मिठाचं पाणी प्या. त्या रात्री झोप नीट लागत नाही, जिना उतरताना मांड्या दोन-तीन दिवस ओरडतात. सोमवारी आणि मंगळवारी फक्त चाला, गुरुवारनंतर वाटलं तर तळजाईवर वीस मिनिटं. दोन आठवडे वेगाचं काही करू नका. काळं पडलेलं नख ओढून काढू नका, खालचं नवीन नख त्याला आपोआप ढकलतं. पुढच्या स्पर्धेची नोंदणी हे दोन आठवडे उलटल्यावरच करा.